चहाचा मळा पाहायला जाताना

सकाळी लवकर पोहोचा. दुपारनंतर धुकं उतरलं की शेजारची ओळही दिसत नाही. कारखाना चालू आहे का, हे आदल्या दिवशीच विचारा. पान कमी आलं की यंत्रं थांबतात, आणि बंद कारखाना पाहण्यात काही राम नाही.

आत पानाच्या वाटेनेच फिरा: आधी साधारण 12 ते 18 तास कोमेजवणं, मग वळणं (पान पिळून गुंडाळणं), ऑक्सिडेशन (हवा लागून पान तांबूस होणं), शेवटी वाळवणं. परवानगी घेऊन कोमेजलेलं पान मुठीत दाबा. न मोडता मऊ गोळा झाला तर ते वळायला तयार.

पावसाळ्यात जळवा असतात, म्हणून पँट मोज्यांत खोचा. चिकटलीच तर ओढू नका, नखाने बाजूने सरकवून सोडवा. फवारणी झालेल्या ओळींत शिरू नका. दोन पानं आणि कोंब खुडायची हौस विचारूनच भागवा.