स्टोरेजमध्ये घरचं सामान ठेवताय? आधी ओल काढा

आमची नाशिकच्या गंगापूर रोडची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा भाड्याच्या वन बीएचकेमध्ये अर्धं सामान मावेना, म्हणून उरलेलं अंबडकडे एका स्टोरेजला टाकलं. फुटेल तुटेल या भीतीने सगळा खर्च बबल रॅपवर केला. सात-आठ महिन्यांनी उघडलं तर एक कप फुटलेला नव्हता, पण आजीची गोधडी उलगडली आणि घड्यांच्या आत काळे ठिपके, कुबट वास, तीनदा धुवून उन्हात टाकली तरी गेला नाही. पॅक केली होती जूनमध्ये, वरून हाताला कोरडी लागली म्हणून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळली, आणि आतली ओल आतच राहिली.

म्हणून जमलं तर मे मध्येच पॅकिंग उरका. गाद्या, गोधड्या, स्वेटर दोन दिवस कडक उन्हात घाला, मग सावलीत पूर्ण गार होऊ द्या, गरम गरम भरलं तर आत घाम सुटतो. प्लास्टिक नको, जुन्या सुती चादरीत गाठोडं बांधा नाहीतर पत्र्याच्या ट्रंकेत भरा. पैठणी शक्यतो ठेवूच नका, बहिणीच्या नाहीतर जावेच्या कपाटात ठेवा. ठेवायचीच असेल तर मलमलमध्ये गुंडाळा आणि डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका, ती काळी पडते.

खोक्यांचं सांगते. नाशिकमध्ये द्राक्षाचे खोके सहज मिळतात म्हणून सगळे तेच आणतात, पण त्यांना हवेसाठी भोकं असतात, झुरळं आणि धूळ दोन्ही आत, आणि फळाचा रस लागलेला असेल तर मुंग्या आल्याच. त्यापेक्षा टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट घ्या, धुवून वाळवून, आतून कापड लावून, वरून चादर झाकून. एकावर एक छान बसतात आणि ओल धरत नाहीत. पुस्तकं मात्र लहान खोक्यात, एका माणसाला उचलेल एवढीच, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठाने घासलीत तर भरपूर पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा आणि तासभर उन्हात ठेवा, आंबट थोडं जरी राहिलं तरी नंतर हिरवा थर येतो. काचेच्या प्लेटा आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, मध्ये कागद.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पूर्ण वितळू द्या, पुसा, आणि ठेवताना दार बोटभर उघडं राहील असं कापड अडकवा, बंद दारात बुरशी येते. वॉशिंग मशीनच्या पाइपातलं पाणी काढा, फ्रंट लोड असेल तर ड्रम अडकवायचे बोल्ट परत लावा (आम्ही ते फेकून दिले होते, मेकॅनिकला शोधायला लावले). रिमोट, घड्याळं, खेळणी यातले सेल काढा, गळतात. गॅस सिलिंडर ठेवायचाच नाही, एजन्सीला परत करून कागद घ्या. दागिने आणि घराचे कागद स्वतःजवळ, अजिबात तिकडे नको.

जागा बघताना माझा एकच प्रश्न असतो, पुराचं पाणी येतं का? २०१६ आणि २०१९ ला गोदावरीने सराफ बाजार, भांडी बाजारात काय केलं ते नाशिककरांना सांगायला नको, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघून आपण पूर मोजतो. नदीकाठचं तळमजल्याचं गोडाऊन स्वस्त पडलं तरी घेऊ नका. सामान जमिनीवर नको, लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून वीतभर लांब, मध्ये माणूस शिरेल एवढी वाट. जड खाली, हलकं वर, आणि गाद्यांवर काहीही रचू नका.

प्रत्येक खोक्याला नंबर द्या आणि आत काय ते वहीत लिहा, फोटो पण काढा, कारण मुलांची शाळेची पुस्तकं तुम्हाला नक्की मधेच लागणार. आणि पाऊस संपला की ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवस जा, गाठोडी उघडा, हात घालून बघा, ओल लागली तर तिथेच वाळवा.