गरजा आणि स्वयंचलित सुरक्षा चाचण्या यांची सांगड: या चुका टाळा

समजा, नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्यांच्या लिलावासाठी एक प्रणाली तयार होत आहे आणि तिच्या गरजांच्या, म्हणजे प्रणालीने काय करायला हवे हे सांगणाऱ्या, दस्तऐवजात 'अडत्यांची बिले सुरक्षित राहावीत' असे लिहिले आहे. या वाक्यावर चाचणी उभी राहू शकत नाही, कारण काय घडले म्हणजे गरज मोडली, हे त्यात सांगितलेलेच नाही. रोल्स-रॉइसमधील अभियंत्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या 'ईअर्स' या लेखनपद्धतीत नको असलेल्या घटनांसाठी 'जर–तर' असा साचा आहे. त्यात हीच गरज अशी लिहिता येते: 'जर एका अडत्याने दुसऱ्याचे बिल मागितले, तर प्रणालीने ते नाकारावे आणि त्या प्रयत्नाची नोंद ठेवावी.' आता नकार आणि नोंद, अशा तपासण्याजोग्या दोन गोष्टी हाती आल्या.

पुढची चूक म्हणजे सगळा भार स्कॅनरवर, म्हणजे सुरक्षेतील त्रुटी आपोआप शोधणाऱ्या साधनावर, टाकणे. झॅपसारखे साधन गहाळ हेडर (सर्व्हरच्या उत्तरासोबत जाणाऱ्या सूचना) किंवा एसक्यूएल इंजेक्शनच्या (इनपुटमधून डेटाबेसकडे घुसवलेल्या आज्ञांच्या) खुणा शोधते, पण कोणते बिल कोणाचे, हे त्याला आपणहून कळत नाही. ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या प्रमुख धोक्यांच्या २०२१ च्या यादीत प्रवेश-नियंत्रणातील, म्हणजे कोणाला काय पाहता येईल हे ठरवण्यातील, त्रुटीच पहिल्या क्रमांकावर आहेत, त्यामुळे दोन वेगळ्या खात्यांनिशी लिहिलेली स्वतंत्र चाचणी येथे टाळता येत नाही.

माझ्या मते सर्वांत फसवी चूक याच चाचणीत दडलेली असते. टोकनची (लॉग-इन केल्यावर मिळणाऱ्या डिजिटल ओळखपत्राची) मुदत संपलेली असते, सर्व्हर ४०१ (ओळख पटली नाही) असे उत्तर देतो, चाचणीला केवळ 'नकार' अपेक्षित असल्याने ती उत्तीर्ण होते आणि मालकीची तपासणी कोडमध्ये मुळीच नसली तरी अहवाल हिरवा दिसतो. यावर उपाय असा की, त्याच टोकनने आधी स्वतःचे बिल उघडून २०० (विनंती यशस्वी) मिळाल्याची खात्री करावी, मग दुसऱ्याचे बिल मागावे आणि ४०३ (परवानगी नाही) किंवा ४०४ (सापडले नाही) यांपैकी जे ठरले असेल तेच उत्तर तपासावे. नोंदीची तपासणीही याच चाचणीत करावी, कारण ती हमखास राहून जाते.

गरज आणि चाचणी यांचा संबंध एक्सेलच्या तक्त्यात ठेवला, तर गरज बदलते आणि तक्ता जुनाच राहतो. म्हणून गरजेचा क्रमांक व आवृत्ती चाचणीच्या कोडमध्येच टॅग म्हणून लिहावी आणि एखाद्या सुरक्षा-गरजेला चाचणी नसेल किंवा टॅग जुन्या आवृत्तीचा असेल, तर बिल्ड (कोडपासून प्रणाली आपोआप तयार करण्याची प्रक्रिया) थांबवावा.

वारंवार चुकीचा पासवर्ड दिल्यावर खाते कुलूपबंद होते का, ही चाचणी इतर चाचण्यांच्याच खात्यावर चालवू नये. तिच्यासाठी प्रत्येक वेळी नवे खाते तयार करावे, नाहीतर इतर चाचण्या विनाकारण अपयशी ठरतात आणि कंटाळून हीच चाचणी बंद केली जाते.