लिथियमचा नमुना हवा न लागता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कसा न्यावा

पुण्यात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की उघडा लिथियम बघता बघता काळवंडतो. म्हणून पाषाणच्या आमच्या प्रयोगशाळेत मी मुलांना पहिली सवय लावते ती वाळवण्याची. नमुना ठेवायची ३ मिलिमीटर व्यासाची जाळी, चिमटे, पुसायचे कागद, सगळं आदल्या रात्री निर्वात भट्टीत. कागद किती पाणी धरून ठेवतो हे सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही!

ग्लव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत, आर्गॉन वायूच लागतो. नायट्रोजन स्वस्त पडतो, पण लिथियम त्याच्याशीही संयोग पावतो. ऑक्सिजन आणि बाष्प दोन्ही १ पीपीएमच्या (दहा लाखांत एका भागाच्या) खाली दिसल्याशिवाय लिथियमची बाटली उघडू नका.

जाळी हवाबंद ट्रान्सफर होल्डरमध्ये (नमुना सूक्ष्मदर्शकात नेणाऱ्या दांड्यात) बसवून झाकण आतच लावा. ते उघडायचं थेट सूक्ष्मदर्शकाच्या निर्वातात. त्याआधी ओ-रिंग, म्हणजे झाकण हवाबंद करणारी रबरी कडी, भिंगाखाली नीट बघा. तिच्यावरचा एक केससुद्धा हवा आत सोडतो.

अणू दिसायचे तर नमुना साधारण ५० नॅनोमीटरहून पातळ लागतो. गॅलियम आयनांच्या झोताने कापणार असाल तर द्रव नायट्रोजनने थंड ठेवूनच कापा, नाहीतर गॅलियम लिथियममध्ये मिसळतो. इलेक्ट्रॉनांचा झोतही नमुना बिघडवतो, त्यामुळे फोकस शेजारी जुळवा आणि फोटो ताज्या जागेचा घ्या.