३० सप्टेंबर : घर तपासण्याचा दिवस

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर-धाराशिव भागातील किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा (लाकूड-मातीच्या सपाट छताचा) जड थर झोपलेल्या माणसांवर कोसळून हजारो जीव गेले. म्हणून दरवर्षी याच तारखेला घर तपासावे: उशाजवळील बॅटरीचे सेल बदलावेत, चपला हाताशी ठेवाव्यात आणि पलंगाच्या वरच्या फळीवरचे पितळी हंडे, ट्रंका खाली उतरवाव्यात. माळवद असल्यास त्यावर दरवर्षी मातीचा नवा थर चढवू नये, कारण वाढणारे वजन हाच खरा धोका असतो. याच लातूरला एप्रिल २०१६ मध्ये पाणीटंचाईमुळे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. म्हणून दरवर्षी एप्रिल महिना पाण्याच्या टाकीची गळती पाहण्यासाठी राखून ठेवावा.