गल्लीत नवे नाश्त्याचे हॉटेल सुरू झाले, तर त्याची पारख कशी करावी

कोथरूडसारख्या पुण्याच्या उपनगरात एखाद्या बंद गाळ्याचे शटर वर जाते, दाराला झेंडूचे तोरण लागते आणि 'पोहे, उपीट, मिसळ, चहा' असा फलक दिसू लागतो, तेव्हा आसपासच्या घरांत त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत 'एकदा जाऊन बघू या' असे बोलणे होतेच. या जाण्याला थोडी शिस्त लावली, तर आपल्याला रोजचे चांगले ठिकाण मिळते आणि हॉटेल चालवणाऱ्यालाही आपल्या पदार्थांविषयी खरे मत कळते.

पहिला नियम असा की, उद्घाटनाच्या आठवड्यात पारख करण्यासाठी जाऊ नये. मालक ओळखीचा असेल तर शुभेच्छा द्यायला अवश्य जावे, चहा घ्यावा, पण त्या दिवशीच्या चवीवरून मत बनवू नये. सकाळी किती पोहे भिजवावेत, मटकी किती किलो लागेल, वड्यांचे सारण किती वाजेपर्यंत पुरेल, याचा अंदाज भटारखान्याला बसायला किमान दोन-तीन आठवडे लागतात, आणि तोवर आचारी व वाढपी यांचेही एकमेकांशी सूत जुळलेले नसते. काही वर्षांपूर्वी मी एका नव्या हॉटेलात पहिल्याच रविवारी गेलो होतो. चाळीस मिनिटांनी आलेल्या खिचडीतील साबुदाणा कच्चा होता, म्हणून मी ते ठिकाण मनातून काढून टाकले. सहा महिन्यांनी एका मित्राच्या आग्रहाने पुन्हा गेलो, तेव्हा तिथली खिचडी इतकी मोकळी आणि मऊ होती की, इतके दिवस आपण उगाच दूर राहिलो, याचे वाईट वाटले.

मत ठरवण्यापूर्वी तीन वेळा जावे आणि तिन्ही वेळा निरनिराळ्या निवडाव्यात. पहिल्यांदा आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी साडेसात-आठला जावे, कारण त्या वेळी पदार्थ ताजे असतात आणि आचाऱ्याचा हात कसा आहे ते कळते. दुसऱ्यांदा साडेदहा-अकराला जावे, म्हणजे केलेला पदार्थ कसा राखला जातो ते कळते. तिसरी खेप रविवारी, ऐन गर्दीत करावी. दोघांनी जाणे सर्वांत सोयीचे, कारण तीन पदार्थ मागवून वाटून खाता येतात. आठ-दहा जणांचा घोळका घेऊन गेल्यास कोणत्याच पदार्थाकडे नीट लक्ष राहत नाही.

बसण्यापूर्वी दोन मिनिटे आजूबाजूला पाहावे. अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असायला हवा. तो क्रमांक १ ने सुरू होत असेल तर परवाना आणि २ ने सुरू होत असेल तर छोट्या व्यवसायाची नोंदणी, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे. त्यानंतर टेबल पुसायचे फडके पाहावे. माझ्या मते परवान्याइतकेच ते बोलके असते. फडके ओशट आणि कुबट असेल, तर आत भांडी कशी घासली जात असतील याची कल्पना येते. हात धुण्याच्या जागी साबण आहे का आणि वडे वर्तमानपत्राच्या कागदावर काढतात का, हेही पाहावे. छपाईची शाई तेलकट पदार्थात उतरते, म्हणून ती पद्धत चुकीची आहे.

पहिला पदार्थ नेहमी पोहे मागवावेत. मिसळीत तिखट आणि तेल पुष्कळ उणिवा झाकून टाकतात, पोह्यांना तशी सोय नसते. जाडे पोहे चाळणीत धुऊन, निथळून, थोडा वेळ मुरू दिलेले असले तर दाणा अखंड राहतो आणि बोटांनी सहज दबतो. पाणी जास्त झाले की त्यांचा लगदा होतो, कमी पडले की घशाशी तोठरा बसतो. हळद कच्ची लागते का, शेंगदाणे खमंग आहेत का, साखरेची किंचित चव मागून येते का आणि लिंबाची फोड न मागता मिळते का, हे पाहावे. दुसऱ्या खेपेला, साडेदहा वाजता, तेच पोहे पुन्हा मागवावेत. सकाळी एकदाच मोठे पातेले भरून ठेवणाऱ्या हॉटेलात ते आतापर्यंत कोरडे पडलेले असतात; जिथे थोडे थोडे करून पुन्हा परततात किंवा उकळत्या पाण्यावर वाफेत ठेवतात, तिथे ते अजून मऊ असतात. वरून खोबरे-कोथिंबीर किती घातली आहे, यापेक्षा या फरकाला मी जास्त महत्त्व देतो.

मिसळीची परीक्षा घेताना ती कोणत्या गावच्या धर्तीची आहे, ते आधी विचारून घ्यावे. पुण्यात अनेक ठिकाणी तळाशी पोहे किंवा बटाट्याची भाजी असते, कोल्हापुरात झणझणीत कटाबरोबर, म्हणजे तर्रीदार रश्श्याबरोबर, स्लाइस ब्रेड येतो, नाशिककडे पावाबरोबर पापड आणि दही मांडलेले असते, त्यामुळे एकीचे माप दुसरीला लावणे अन्यायाचे ठरते. फरसाण मिसळण्यापूर्वी नुसता रस्सा चमच्याने चाखावा. भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि गरम मसाला यांची चव आधी लागून तिखट मागून यावे. केवळ लाल रंग आणि जिभेची आग असेल, तर वाटणात कसर केलेली आहे. मटकीला मोड आलेले असावेत, ती शिजूनही अखंड असावी आणि तिला आंबूस वास अजिबात नसावा. मग सँपल, म्हणजे वरून घ्यायचा जादा रस्सा, मागावे. दुसऱ्यांदा येणारा रस्सा पहिल्याइतकाच गरम आणि दाट आहे की त्यात पाणी वाढवले आहे, हे रविवारच्या गर्दीत नेमके कळते. फरसाण खवट लागले तर मात्र उरलेली मिसळ खाऊ नये.

बटाटेवडा मागवताना शक्य असल्यास कढईकडे एक नजर टाकावी. तेल काळपट आणि चिकट दिसत असेल, त्यावर फेस येत असेल किंवा धूर लवकर सुटत असेल, तर ते पुन:पुन्हा तापवलेले असते. पुन:पुन्हा तापवल्याने तेलात जे ध्रुवीय घटक साठतात, त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे; आपल्याकडे मोजायचे यंत्र नसले, तरी नाक पुरेसे असते. इडली-डोशासाठी चटणी ताजी आहे का, एवढे पाहणे मला पुरते. चहा शेवटी घ्यावा.

बिल वाचूनच पैसे द्यावेत. अशा साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो, आणि कंपोझिशन या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर-योजनेत असलेल्या व्यावसायिकाला ग्राहकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवाशुल्क आपोआप बिलात घालता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. ते लावलेले दिसले तर काढून टाकायला शांतपणे सांगावे. ऐकले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

उणीव आढळली तर ती आधी गल्ल्यावर सांगावी, वाढप्यावर आवाज चढवू नये. गर्दी ओसरल्यावर, इतर गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, एकच नेमकी गोष्ट बोलावी : "मालक, चव छान आहे, पण साडेदहाला पोहे कोरडे होतात, तेवढं बघा." 'मजा नाही आली' या वाक्यातून त्यांना काहीच दुरुस्त करता येत नाही. जे आवडले तेही तितकेच नेमके सांगावे आणि शक्य असेल तर आतल्या आचाऱ्यापर्यंत पोहोचवावे, कारण पहाटे चार वाजता उठून वाटण करणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाचा शब्द क्वचितच ऐकायला मिळतो. पुढच्या खेपेला काय बदलले ते पाहावे. सांगितलेली गोष्ट सुधारली असेल, तर बाकी लहानसहान उणिवा असूनही मी त्या हॉटेलात जात राहतो.

यानंतरच घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जावे. पायऱ्यांना कठडा आहे का, पाठीला टेकू देणारी खुर्ची कोणत्या टेबलाशी आहे, हे आधीच्या खेपांतच पाहून ठेवावे, आणि ऑर्डर देतानाच रस्सा वेगळ्या वाटीत मागवावा, म्हणजे ज्याला जेवढे तिखट झेपेल तेवढे त्याला घालून घेता येते.