कुर्द लोकांसाठी इथून पत्र कसं लिहायचं

स्टेटस ठेवा, ठेवू नका असं मी म्हणत नाही, पण खरंच काही करायचं असेल ना तर पत्र लिहा. आणि पत्र लिहिण्याआधी देश ठरवा. कुर्द म्हणजे स्वतःचा देश नसलेला समाज, तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया असे चार देशांत विखुरलेत आणि दुखणं प्रत्येक ठिकाणी वेगळं. इराकमध्ये कुर्दी ही सरकारी भाषा आहे, तुर्कस्तानात घटनेचं ४२वं कलमच सांगतं की तुर्कीशिवाय दुसरी भाषा मातृभाषा म्हणून शाळेत शिकवायची नाही, तर सीरियात १९६२ च्या जनगणनेत लाखाहून जास्त कुर्दांचं नागरिकत्वच गेलं. हे सगळं एकाच पत्रात कोंबलंत तर वाचणारा ते फाईलला लावून मोकळा होणार.

मग एक माणूस आणि एकच मागणी. "कुर्दांवरचा अन्याय थांबवा" याला कोण काय उत्तर देणार? त्यापेक्षा असं लिहा, की तुर्कस्तानातले कुर्द राजकीय नेते सलाहत्तिन देमिरताश यांना नोव्हेंबर २०१६ मध्ये अटक झाली, डिसेंबर २०२० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यांना ताबडतोब सोडा असं सांगितलं, तरी तेव्हा सोडलं नाही, ते का? तारीख आणि कोर्टाचं नाव असलं की टोलवाटोलवी अवघड जाते. केसची ताजी स्थिती मात्र पाठवायच्या दिवशीच बघा, जुन्या बातमीवर लिहिलेलं पत्र म्हणजे त्यांना आयतं निमित्त.

भाषा नम्र ठेवा, शिव्या, धर्म, "तुम्ही लोक" वगैरे बिलकुल नको. तुमचं नाव, गाव, दोन परिच्छेद, बस. तुर्कस्तान आणि इराण दोघांचेही दूतावास दिल्लीत आहेत आणि कॉन्सुलेट मुंबईत, म्हणजे साधं स्पीड पोस्टही चालतं. इराणमधली फाशीची केस असेल तर उशीर करू नका, अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेच्या अर्जंट अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे तातडीच्या पत्र-आवाहनात, कुणाला लिहायचं आणि कधीपर्यंत ते दिलेलं असतं.

फोटोंचं जरा सांभाळा हं. इराणमधल्या सक्केझची कुर्द तरुणी जीना महसा अमिनी हिजाबवरून पोलिसांनी पकडल्यावर १६ सप्टेंबर २०२२ ला वारली, त्यानंतरच्या निदर्शनांचे व्हिडिओ लोक बिनधास्त फॉरवर्ड करत होते, चेहरे स्पष्ट दिसणारे, आणि तिथे तेच चेहरे पोलीस शोधत असतात. ब्लर करा नाहीतर टाकूच नका.

चारजण जमणार असाल तर १६ मार्च धरा, १९८८ मध्ये त्याच दिवशी सद्दामच्या विमानांनी इराकमधल्या हलब्जा या कुर्द गावावर विषारी वायू टाकला, जवळपास ५,००० माणसं मेली. त्या दिवशी एकत्र बसून पत्रं लिहा, प्रत्येकाने आपल्या शब्दांत, कॉपी-पेस्ट नको.