तापाससोबत वाइन: आधी द्वाड ताटली ओळखा

समोर एकच मुख्य पदार्थ असेल तर वाइन निवडणं फारसं अवघड नसतं. तापासची, म्हणजे स्पेनमधल्या छोट्या छोट्या ताटल्यांची, गोष्ट वेगळी. खारवलेले ऑलिव्ह, व्हिनेगरमध्ये मुरलेली छोटी मासळी, लसणाच्या तेलात चुरचुरणारी कोळंबी, क्रोकेतास (तळलेले मऊ गोळे), तिखट सॉस घातलेले बटाटे, चीज, सगळं जवळपास एकदम टेबलावर येतं आणि जो तो मनाला येईल त्या क्रमाने उचलतो. प्रत्येक ताटलीला स्वतंत्र वाइन हा हिशेब तिथे बसत नाही. आपल्या ताटासारखंच आहे हे. वरणभाताला काहीही चालेल हो, पण डाव्या बाजूच्या लिंबाच्या लोणच्यापुढे काय टिकेल? म्हणून पदार्थांची यादी हातात आली की सगळ्यात महागडी नव्हे, सगळ्यात द्वाड ताटली शोधा. तिला पुरून उरणारी वाइन बाकीच्यांशी बहुतेक वेळा जमवून घेते.

द्वाडांमध्ये पहिला नंबर व्हिनेगरचा. ‘बोकेरोनेस एन विनाग्रे’ म्हणजे व्हिनेगरमध्ये पांढऱ्याफटक झालेल्या अँचोव्ही. त्यांच्यानंतर फळांच्या स्वादाची, कमी आंबट वाइन घेतली की ती पाणचट लागते. आर्टिचोक या भाजीचा खोडसाळपणा उलटा: त्यातल्या सायनारिनमुळे पुढचा घोट उगाचच गोड वाटतो. तेलकट माशांबरोबर रेड वाइन घेतल्यावर तोंडात शिळ्या मासळीसारखी चव राहते, कारण वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडतं. तिखटाचं गणित सरळ आहे: अल्कोहोल जितकं जास्त तितकी जीभ जास्त भाजते. तळणाला आंबटपणा किंवा बुडबुडे हवेत, नाहीतर तिसऱ्या क्रोकेतानंतर तोंड तुपकट होतं. मीठ मात्र वाइनचा मित्र. ते कडवटपणा आणि तुरटपणा दाबतं.

पहिली बाटली फिनोची

शेरी म्हणजे पुडिंगमध्ये ओतायची गोड दारू असा समज असेल तर तो बाजूला ठेवा. फिनो ही शेरीच, पण जगातल्या सगळ्यात कोरड्या, म्हणजे गोडवा नसलेल्या, वाइनपैकी एक आहे. स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियात, हेरेस, सानलूकार दे बार्रामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया या तीन गावांच्या परिसरात ती मुरते. माती खडूसारखी पांढरी, द्राक्षं पालोमिनो जातीची. तयार वाइनमध्ये द्राक्षाचं स्पिरिट घालून अल्कोहोल 15 टक्क्यांपर्यंत नेतात आणि पीप पूर्ण न भरता वर जागा ठेवतात. त्या मोकळ्या पृष्ठभागावर यीस्टची साय धरते. तिला ‘फ्लोर’ म्हणतात. ही साय वाइनला हवा लागू देत नाही, शिवाय उरलीसुरली साखर आणि ग्लिसरीनही खाऊन टाकते. मागे राहते ती कच्चे बदाम, हिरवं सफरचंद आणि किंचित खारेपणा यांची आठवण देणारी, सडसडीत वाइन. फळांचा गोडवा मुळातच नाही, त्यामुळे व्हिनेगरला बिघडवायला काही सापडत नाही. आर्टिचोक, ऑलिव्ह, अँचोव्ही, खारे बदाम, तळलेली मासळी, हामोन (खारवून वाळवलेलं डुकराचं मांस), एवढं सगळं एकच बाटली सांभाळते. सानलूकारमध्ये समुद्राच्या दमट हवेत मुरलेली अशीच वाइन ‘मान्सानिया’ या नावाने मिळते. ती आणखी हलकी आणि खारी असते, त्यामुळे मासळीच जास्त असेल तर ती घ्या.

अल्कोहोल 17 टक्क्यांवर नेलं की साय जगत नाही. मग वाइनचा हवेशी थेट संबंध येतो आणि ती गडद होते. ती ओलोरोसो. आधी सायीखाली आणि नंतर हवेत मुरलेली ती आमोन्तियादो. स्पेनमध्ये एक ठोकताळा सांगतात: पोहणाऱ्याला फिनो, उडणाऱ्याला आमोन्तियादो, पळणाऱ्याला ओलोरोसो. म्हणजे मासे, कोंबडी, मटण. शाकाहारी टेबलासाठी त्यात भर घालायला हवी. लसणात परतलेले मश्रूम आणि सेव्हियाची जिरं आणि पिमेंतोन (धुरावलेल्या लाल मिरचीची स्पॅनिश पूड) घातलेली पालक-छोल्यांची भाजी यांना आमोन्तियादोइतकं चांगलं दुसरं काही लागत नाही.

फिनो विकत घेताना दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, बाटली जुनी निघते. फिनो साठवून सुधारत नाही, तेव्हा लेबलाच्या मागे बाटलीत भरल्याची तारीख असेल तर ताजी बघून घ्या, आणि 375 मिलीची अर्धी बाटली मिळत असेल तर तीच उत्तम. दुसरं, ती अंगठ्याएवढ्या पेल्यात, खोलीच्या तापमानाला वाढली जाते. अशा फिनोला नुसता स्पिरिटचा वास येतो. व्हाइट वाइनचा साधा ग्लास घ्या, त्यात 60 ते 75 मिली ओता आणि तापमान 7 ते 9 अंश ठेवा.

ही जोडी नीट कळायची असेल तर ‘गाम्बास अल आहियो’ करून बघा. सोललेली 250 ग्रॅम कोळंबी कापडाने टिपून कोरडी करा, ओली राहिली तर तेल अंगावर उडतं. छोट्या कढईत 100 मिली ऑलिव्ह तेल आणि सहा लसूण पाकळ्यांच्या चकत्या गार असतानाच एकत्र घालून मंद आचेवर ठेवा. लसणाच्या कडा सोनेरी दिसायला लागल्या की एक सुकी मिरची आणि कोळंबी घाला, आच वाढवा. दीड-दोन मिनिटांत कोळंबी वळून गुलाबी होते. कढई गॅसवरून उतरवा आणि मगच 30 मिली फिनो घाला. आचेवर असताना ओतली तर भडका उडू शकतो. लसूण तपकिरी झाला असेल तर पुन्हा करा, कारण तो कडूपणा वाइनमध्ये दुप्पट होऊन येतो. पदार्थात घातलेलीच फिनो ग्लासातही हवी. पावाने तेल पुसून खाताना मध्येच एक घोट घेतला की फिनोचा खारेपणा कोळंबीला कसा उचलून धरतो ते कळेल.

कावा, आणि ‘सेको’चा सापळा

या काव्याचा गनिमी काव्याशी संबंध नाही. कातालान भाषेत ‘कावा’ म्हणजे तळघर, आणि इथे ती स्पेनची बुडबुड्यांची वाइन. मुख्यतः बार्सेलोनाजवळच्या पेनेदेस भागात माकाबेओ, शारेल्यो आणि पारेयादा या द्राक्षांपासून ती बनते आणि शँपेनप्रमाणेच दुसऱ्यांदा बाटलीतच आंबते. यीस्टच्या गाळासोबत किमान 9 महिने मुरते, रेसेर्वा 18 आणि ग्रान रेसेर्वा 30 महिने. टेबलावर तळण जास्त असेल, अंड्या-बटाट्याची तोर्तिया असेल, तर फिनोपेक्षा कावा घ्या. अंड्याचा बलक जिभेवर थर धरतो आणि बुडबुडे तो धुऊन काढतात.

सापळा लेबलावर आहे. ‘सेको’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ कोरडं, पण ‘सेको’ लिहिलेल्या काव्यात लिटरला 17 ते 32 ग्रॅम साखर असते. म्हणजे ती चक्क गोडसर! कोरडी हवी असेल तर ‘ब्रूट नातुरे’ (3 ग्रॅमपेक्षा कमी), ‘एक्स्ट्रा ब्रूट’ (6 पर्यंत) किंवा ‘ब्रूट’ (12 पर्यंत) बघा. ऑलिव्ह आणि मासळीला ब्रूट नातुरे. तिखट असेल तर साधी ब्रूट, कारण ती थोडीशी साखर आग शमवायला कामी येते.

व्हाइट आणि रोसादो

गालिसियाच्या रियास बायशासमधली आल्बारिन्यो ही समुद्राकाठची वाइन. ऑक्टोपस, शिंपले, तळलेले कालामारेस (स्क्विड) यांच्यासोबत लिंबू पिळायची गरज उरत नाही, तेवढा आंबटपणा तिच्यात असतो. रुएदाच्या वेर्देहोला हिरवट, बडीशेपेसारखा गंध आणि शेवटी हलका कडवटपणा असतो, म्हणून पाद्रोनच्या परतलेल्या मिरच्या आणि पान कोन तोमाते (टोमॅटो चोळलेला पाव) यांच्याकडे ती सरकवा. बास्क प्रांताचे पिंचोस, म्हणजे काडीला टोचलेले छोटे घास, विशेषतः ऑलिव्ह, अँचोव्ही आणि लोणच्यातली मिरची एका काडीवर ओवलेली ‘हिल्दा’, ही जिभेवर एकदम तीन बाजूंनी हल्ला करते. तिला तिथलीच चाकोली: कमी अल्कोहोलची, चांगली आंबट, किंचित फसफसणारी. बाटली उंच धरून रुंद पेल्यात दोन बोटंच ओततात, म्हणजे फेस येतो.

रोसादोकडे, म्हणजे गुलाबी वाइनकडे, मात्र उगाच दुर्लक्ष होतं. नाव्हाराची गार्नाचा द्राक्षांपासूनची रोसादो पातातास ब्राव्हास (तेच तिखट सॉसचे बटाटे), चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि मीटबॉल्स या तिघांनाही पुरते, आणि एकाच बाटलीत भागवायचं असेल तर कावा नाहीतर हीच.

रेड वाइनची घाई

तापास म्हटलं की बहुतेक जण रिओहाची रेसेर्वा आणतात, आणि तिथेच पैसे वाया जातात. ओकच्या पिपाचा आणि तुरटपणाचा जोर अँचोव्हीपुढे धातूसारखा लागतो, ब्राव्हासपुढे जळजळीत. रिओहाच्या रेडचे दर्जे आधी समजून घ्या. होवेन म्हणजे तरुण, पिपात फारशी न गेलेली किंवा अजिबातच न गेलेली. क्रियान्सा दोन वर्षं मुरते, त्यातलं निदान एक ओकमध्ये. रेसेर्वा तीन वर्षं, ग्रान रेसेर्वा पाच. तापाससाठी होवेन किंवा क्रियान्सापुढे जाऊ नका. बिएर्सोची मेन्सिया त्याहून हलकी आणि रसाळ असते, मश्रूम आणि चोरिसोबरोबर छान बसते. रेसेर्वा घरात असेलच तर शेवटच्या टप्प्यासाठी ठेवा: जुनं मांचेगो चीज, वाइनमध्ये शिजवलेले मटणाचे गोळे. शुद्ध शाकाहाऱ्यांना सांगायला हवं, की पारंपरिक मांचेगोत दूध विरजायला कोकराच्या पोटातलं रेनेट असतं आणि काही रेड वाइन अंड्याच्या पांढऱ्याने नितळवतात.

सहा जणांचं टेबल

तीन तास, आठ ताटल्या, सहा माणसं असतील तर एवढं पुरतं: फिनोच्या दोन अर्ध्या बाटल्या, काव्याच्या दोन, एक व्हाइट किंवा रोसादो, एक क्रियान्सा. 750 मिलीच्या बाटलीत सहा जणांना प्रत्येकी 125 मिली येतात, म्हणजे एक बाटली एक फेरी. पहिल्या फेरीत फिनो, ऑलिव्ह, बदाम, अँचोव्ही. तळण आणि तोर्तिया आली की कावा. कोळंबीसोबत फिनो परत फिरवा, तेवढी मागे ठेवा. रेड तासाभराने, मांस आणि चीज आल्यावर. प्यायचं पाणीही टेबलावर माणशी अर्धा लिटर तरी हवं, कारण फिनोचं 15 टक्के अल्कोहोल खारट खाण्यासोबत कळत नाही.

तापमान सांभाळणं आपल्याकडे कठीण. कावा 6 ते 8 अंश, आल्बारिन्यो 8 ते 10, रोसादो 10 ते 12, रेड 14 ते 16. ‘रूम टेंपरेचर’ हा सल्ला मे महिन्यातल्या पुण्याच्या खोलीसाठी नव्हे. रेड वाइनही वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइटला फ्रिजमध्ये जवळपास तीन तास लागतात. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा. 20 ते 25 मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात जास्त वेळ जातो, कारण खड्यांच्या मधली हवा थंडी पोचू देत नाही.

फिनो प्रत्येक गावात मिळेल असं नाही. तेव्हा नाशिक-दिंडोरी पट्ट्यातली पारंपरिक पद्धतीने केलेली ब्रूट स्पार्कलिंग वाइन काव्याची आणि बऱ्याच अंशी फिनोचीही जागा घेते. नाशिकची शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन पुष्कळदा किंचित गोडसर असते. ती ब्राव्हासला चालते, अँचोव्हीला नाही. स्पॅनिश चोरिसोऐवजी गोव्याची चोरिस वापरणार असाल तर जोडी बदलावी लागते. स्पॅनिश चोरिसो धुरकट आणि स्निग्ध, गोव्याची व्हिनेगरने आंबट आणि मिरचीने जहाल. तिच्यासोबत क्रियान्सा तोंड भाजते, गार शेनिन किंवा रोसादो घ्या. पिमेंतोन संपली म्हणून काश्मिरी मिरची घातली तर रंग येईल, पण ओकच्या धुराचा वास येणार नाही, आणि मग आमोन्तियादोचा खमंगपणा एकटाच पडतो.

उरलेल्या फिनोला घट्ट बूच लावून बाटली फ्रिजमध्ये उभीच ठेवा आणि आठवड्यात संपवा. आमोन्तियादो दोन-तीन आठवडे टिकते, ओलोरोसो महिनाभर. काव्याला साधं बूच बसत नाही. स्प्रिंगचं झाकण लावलं तरी दुसऱ्या दिवशीपर्यंतच. आणि गोडासाठी पेद्रो हिमेनेस ही गोड शेरी असेल, उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, काकवीसारखी काळी आणि दाट, तर ती ग्लासात न ओतता व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन चमचे घाला.